‘आम्ही’ की ‘आपण’? : एका आगमनकथेचे व्याकरण

प्रागैतिहासिक मानवाविषयीचे लेखन हा वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येणारा विषय नव्हे, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. हाडे मानवशास्त्रज्ञांनी मोजावीत आणि कादंबऱ्या समीक्षकांनी वाचाव्यात, अशी ही सोयीची श्रमविभागणी आहे. प्रस्तुत लेख ती नाकारण्यासाठी लिहिला आहे. आद्य आधुनिक मानव निअँडरथलांच्या युरोपात कसा आला आणि त्यानंतर काय घडले, याविषयी गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जे लिहिले गेले, त्यातील पुष्कळसा भाग पुराव्याने नव्हे, तर कथनाच्या सवयींनी घडवलेला आहे. कथनाच्या सवयी ओळखणे हे तर आपले काम. ते आपण फार काळ केलेच नाही. आणि करू लागलो तेव्हा ‘विज्ञानही शेवटी एक कथनच’ असे म्हणून पुराव्यालाही त्या सवयींसोबत निकालात काढले. माझा आक्षेप या दोन्ही गोष्टींना आहे.

प्रारंभ नावापासूनच करावा. १८५६ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या एका खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतील मजुरांना काही हाडे सापडली. योहान कार्ल फुलरॉट या स्थानिक शिक्षकाने त्यांचे महत्त्व ओळखले. त्या खोऱ्याला सतराव्या शतकातील योआखिम नेआंडर या धर्मोपदेशक-गीतकाराचे नाव मिळालेले होते. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान. विद्वानांच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे त्याचे ग्रीक रूप करण्यात आले. दोहोंचा अर्थ एकच : नवा माणूस. ज्याला पुढे ‘जुना’, ‘मागासलेला’, ‘टाकून दिलेला’ मानव ठरवण्यात आले, त्याच्या नावातच ‘नवमानव’ दडलेला आहे. हा केवळ योगायोग आहे, आणि योगायोगावर सिद्धांत उभारू नये, हे मला मान्य आहे. परंतु १८६४मध्ये विल्यम किंग यांनी ‘होमो निअँडरथलेन्सिस’ असे स्वतंत्र जातिनाम दिले तेव्हाच या प्राण्याच्या मनात नैतिक वा धार्मिक विचार उद्भवू शकत नसावा, असेही त्यांनी सुचवले, हा मात्र योगायोग नव्हे. प्राण्याचे मन कसे होते याचा निवाडा कवटीच्या एका तुकड्यावरून झाला. व्यक्तिरेखा आधी ठरली. तिचे चरित्र नंतर सावकाश लिहिले गेले.

हे चरित्र लिहिणाऱ्यांत मार्सेलँ बूल यांचा वाटा मोठा आहे. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे एका वृद्ध निअँडरथलाचा बराचसा पूर्ण सांगाडा मिळाला. बूल यांनी १९११ ते १९१३ या काळात त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले : गुडघे वाकलेले, मान पुढे झुकलेली, चाल ओढग्रस्त. त्यापूर्वीच, १९०९मध्ये, फ्रान्टिशेक कुप्का या चित्रकाराचे केसाळ, हातात दांडका घेतलेल्या वानरसदृश पुरुषाचे चित्र वृत्तपत्री वाचकांपर्यंत पोहोचले होते. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी तो सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा त्याला सांधेदुखीचा गंभीर विकार होता असे आढळले. निरोगी निअँडरथल आपल्याइतकाच ताठ चालत असणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका आजारी म्हाताऱ्याचे दुखणे सुमारे अर्धशतकभर एका संपूर्ण मानवसमूहाचा स्वभाव म्हणून वाचले गेले. अशा वाचनाला आपण वाङ्मयात काय म्हणतो? व्यक्तीला प्रतिनिधी करणे, तपशिलाला प्रतीक करणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या निबंधात आपण ज्याखाली लाल रेघ मारतो, तेच येथे शास्त्र म्हणून मिरवले.

एच. जी. वेल्स यांनी १९२१मध्ये लिहिलेल्या ‘द ग्रिझ्ली फोक’ या लेखनात हेच चरित्र युद्धकथेत शिरले. तेथे निअँडरथल हा पोरे पळवणारा भयंकर शत्रू आहे, आणि आलेला मानव हा ‘आपला’ पूर्वज आहे. त्याने शत्रूला संपवले, हे त्या कथेत ओघानेच येते. त्यासाठी पुरावा मागण्याची गरज लेखकाला वाटत नाही, वाचकालाही वाटत नाही. ही गरज का वाटत नाही, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

येथे मराठीच्या व्याकरणाचा थोडा आधार घेतो. ‘निअँडरथल संपले’ आणि ‘निअँडरथलांना संपवले’ या दोन वाक्यांत रूपाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. एका ‘व’काराने अकर्मक क्रियापद प्रयोजक होते, आणि त्याबरोबर एक कर्ता, एक हेतू व एक घटना कथेत प्रवेश करतात. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत निअँडरथलांच्या वेगळ्या अस्तित्वाच्या खुणा युरोपातून नाहीशा होतात, एवढे पुराव्यावरून सांगता येते. त्यांची लोकसंख्या विरळ होती, गट लहान होते. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातील एका निअँडरथल स्त्रीचे आईवडील परस्परांचे अगदी निकटचे रक्तनातलग होते, हे २०१४मध्ये तिच्या जनुकसंचावरून दिसून आले. हवामान वारंवार आणि तीव्रतेने बदलत होते. नव्याने आलेल्यांशी स्पर्धा असणे संभवते. चकमकी घडल्या असणेही संभवते. परंतु नवमानवांनी निअँडरथलांचा संहार केला असे निर्विवादपणे दाखवणारे एकही स्थळ आजवर हाती आलेले नाही. तेव्हा ‘संपले’ याला पुरावा आहे. ‘संपवले’ यातील ‘व’ कोठून आला?

तो कथनाच्या गरजेतून आला. ‘आगमन’ हा शब्दच पाहावा. ‘येणे’ आणि ‘जाणे’ या क्रियापदांत बोलणाऱ्याची जागा गृहीत असते. मी जेथे आहे तेथे कोणी ‘येतो’. तेथून दूर कोणी ‘जातो’. आफ्रिकेतून पाहिले तर हे मानव ‘गेले’. युरोपातून पाहिले तर ते ‘आले’. म्हणजे आगमनकथेचा निवेदक युरोपात, निअँडरथलांच्याच भूमीवर उभा आहे. तरीही त्याची नजर मात्र येणाऱ्याची आहे. किंबहुना तो ‘ते आले’ असे न म्हणता ‘आम्ही आलो’ असे म्हणतो. जागा यजमानाची, दृष्टी पाहुण्याची, आणि सर्वनाम विजेत्याचे, असा हा निवेदक आहे. वसाहतवादी प्रवासवर्णने वाचलेल्या कोणालाही तो परका वाटू नये.

या विजयकथेला उत्तर म्हणून विल्यम गोल्डिंग यांनी १९५५मध्ये ‘द इन्हेरिटर्स’ ही कादंबरी लिहिली. वेल्स यांच्या जगाच्या इतिहासातील उतारा तिच्या आरंभी दिलेला आहे आणि सारी कादंबरी त्याचा प्रतिवाद करते. तिचा बहुतेक भाग लोक नावाच्या निअँडरथलाच्या दृष्टीतून घडतो. (मराठी वाचकाला हे नाव अनायासेच सूचक वाटते, त्यातील निअँडरथल स्वतःचा उल्लेखही ‘माणसे’ असाच करतात.) त्याच्यावर बाण सोडला जातो, परंतु त्याला दिसते ते एवढेच की पलीकडच्या माणसाच्या हातातील काठी आखूड होते आणि पुन्हा लांब होते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या भाषेचे विश्लेषण केले, आणि शैलीविज्ञानाच्या अभ्यासक्रमांत ते आजही शिकवले जाते. लोकच्या वाक्यांत माणसे हालचाल करतात, पण वस्तूंवर क्रिया करीत नाहीत. क्रियापदे प्रायः अकर्मक आहेत. कर्त्याच्या जागी पुष्कळदा शरीराचे अवयव वा निर्जीव वस्तू आहेत. कादंबरीच्या शेवटी दृष्टी नवमानवांच्या होडीत जाते आणि सकर्मक वाक्ये येतात. व्याकरण हेच येथे विश्वदृष्टी होते, असे हॅलिडे यांचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल.

हे विश्लेषण मी वर्षानुवर्षे आदराने शिकवत आलो आहे, आणि त्याचे मोल मला कमी करावयाचे नाही. तरीही एक प्रश्न आपण त्याला कधी विचारला नाही. लोकला सकर्मक वाक्य का नाकारले? कादंबरीतील निअँडरथल निष्पाप आहेत. स्वतः प्राणी मारणेही त्यांना निषिद्ध वाटते. इतिहासातील निअँडरथल मोठ्या जनावरांची शिकार करणारे होते. त्यांच्या हाडांतील समस्थानिकांचे प्रमाण तसेच सांगते. भूर्जवृक्षाच्या सालीपासून ते डिंकासारखा चिकट पदार्थ तयार करीत. ही प्रक्रिया उष्णतेवर ताबा असल्यावाचून साधत नाही. फ्रान्समधील ब्रुनिकेलच्या गुहेत, प्रवेशद्वारापासून तीनशेहून अधिक मीटर आत, तुटलेल्या लवणस्तंभांची वर्तुळे रचलेली आहेत. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालनिश्चितीनुसार ती सुमारे १,७६,५०० वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे त्या प्रदेशात दुसरा कोणी मानव पोहोचण्याच्या कितीतरी आधीची. अंधारात दिवा घेऊन आत जाणे, दगड तोडणे, ते रचणे : ही सारी सकर्मक वाक्ये आहेत.

गोल्डिंग यांना १९५५मध्ये हे ठाऊक नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष आपला आहे. विजयकथेचा प्रतिवाद म्हणून विलापकथा पुढे आली, तेव्हा आपण ती न्यायाची कथा मानली. वस्तुतः दोहोंचे व्याकरण एकच आहे. दोहोंत कर्ता एकच, तो आलेला. दुसरा एकतर राक्षस आहे, नाहीतर बाळ आहे. कर्ता तो कधीच नाही. वेल्स त्याला मारतात आणि गोल्डिंग त्याच्यासाठी रडतात. पण त्याच्या हातून काही घडले असेल ही शक्यता दोघांनाही सुचत नाही. करुणा हीदेखील कर्तृत्व हिरावून घेण्याची एक रीत असू शकते, हे दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने आपल्याला शिकवले. ते या संहितांना लावून पाहण्याची गरज आपल्याला वाटली नाही.

पुढील लोकप्रिय कादंबऱ्यांनी या साच्यात भर घातली. जीन ऑएल यांच्या १९८०मधील ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’मध्ये निअँडरथलांत वाढणारी नवमानव मुलगी सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची आहे. भविष्य जिच्या बाजूने आहे, तिला भविष्यातील युरोपचा रंग दिला गेला. याला अपवाद ब्योर्न कुर्तेन या फिनलंडच्या जीवाश्मशास्त्रज्ञाचा. त्यांच्या १९७८मधील स्वीडिश कादंबरीत निअँडरथल गोरे आणि आलेले मानव काळे आहेत. रंगांची ही अदलाबदल त्या वेळी अनेकांना चमत्कृती वाटली असेल. आज युरोपातील सर्वांत आरंभीच्या आधुनिक मानवांचे जनुकसंच वाचले गेले आहेत आणि त्यांची त्वचा सावळी वा काळी असावी असे त्यांवरून दिसते. ज्याला आपण चमत्कृती म्हटले, तेथे कादंबरीकार पुराव्याच्या अधिक जवळ होता.

आता या जनुकीय पुराव्याकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा भार त्यावर आहे. १९९७ साली स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलाच्या हाडातून तंतुकणिकेतील डीएनए वाचला. तो आजच्या मानवांच्या वैविध्याबाहेरचा होता. ‘मिसळण झालीच नाही’ या मताला त्यामुळे बळ मिळाले. २०१०मध्ये त्याच पेबो यांच्या गटाने पेशीकेंद्रातील डीएनएचा आराखडा प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेबाहेरील मानवांच्या जनुकसंचात एक ते चार टक्के अंश निअँडरथलांचा असल्याचे दाखवले. आज हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास मानले जाते. आफ्रिकेतील लोकांतही त्याचा अत्यल्प अंश आढळला आहे. पेबो यांना २०२२चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षातून निघालेली कथा त्यांनी पुढील पुराव्याने मोडली.

त्याहून मोठा धक्का आगमनकथेला पुढील दशकात बसला. रुमानियातील ओआसे गुहेत २००२मध्ये सापडलेल्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या जबड्याच्या मालकाचा निअँडरथल पूर्वज केवळ चार ते सहा पिढ्या मागे होता, हे २०१५मध्ये स्पष्ट झाले. बल्गेरियातील बाचो किरो गुहेतील सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीच्या व्यक्तींचीही तीच गोष्ट. जर्मनीतील रानिस आणि चेक प्रजासत्ताकातील झ्लाटी कून येथील, तितक्याच जुन्या व्यक्तींचे जनुकसंच २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दोन ठिकाणची माणसे परस्परांची नातलग निघाली, आणि त्यांच्या समूहाचा वंश आजच्या कोणत्याही मानवसमूहात उरलेला नाही. ओआसेच्या माणसाच्या समूहानेही नंतरच्या युरोपीयांत उल्लेखनीय भर घातलेली नाही.

म्हणजे जे ‘आले’ त्यांतील कित्येक स्वतःच संपले. त्यांना कोणी ‘संपवले’ असे मात्र आपण म्हणत नाही. त्यांच्यासाठी लगेच हवामान, लहान गट, दुर्दैव अशी अकर्मक कारणे सुचतात. निअँडरथलांसाठी मात्र विजेता लागतो. उभयतांचा शेवट सारखा, पुरावा सारखाच अपुरा, आणि वाक्यरचना वेगळी. कथनाची सवय म्हणतात ती हीच. गोल्डिंग यांनी ज्यांना वारसदार म्हटले, त्यांतील पहिल्यांना वारस उरले नाहीत. आणि ज्यांना निर्वंश मानले, त्यांचा वारसा आपल्या पेशींत आहे.

शिवाय ‘आगमन’ ही एकच घटना नव्हती. निअँडरथल पुरुषांचे वाय गुणसूत्र आधुनिक मानवाकडे नेणाऱ्या शाखेतून त्यांच्यात आले असावे, असे २०२०मधील संशोधन सांगते. ती भेट एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची. फ्रान्समधील मांद्रँ गुहेत सुमारे ५४,००० वर्षांपूर्वी आधुनिक मानव थोडा काळ राहिले आणि नंतर तेथे पुन्हा निअँडरथल आले, असे उत्खनन करणाऱ्यांनी २०२२मध्ये मांडले आहे. येणे, परतणे, मिसळणे, विरून जाणे, पुन्हा येणे, अशी ही क्रियापदे आहेत. त्यांची एक आरंभ-मध्य-अंत असलेली गोष्ट होत नाही. म्हणूनच तर ती गोष्ट बाहेरून आणावी लागली.

एक प्रसंग सांगतो. पदव्युत्तर वर्गात ‘द इन्हेरिटर्स’च्या शेवटी दृष्टी कशी बदलते हे समजावून देत होतो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात आपण कोण?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “होडीतले.” ती म्हणाली, “आणि तो मागे राहिला तो?” मी दृष्टिकोन आणि सहानुभूती यांतील भेदावर काही बोललो आणि तास संपला. उत्तर चुकले होते, हे मला पुष्कळ नंतर उमगले. तिने ‘आपण’ म्हटले होते. मी ‘आम्ही’ असे ऐकले होते.

आपल्या भाषेत हा भेद आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो; ‘आपण’ त्याला आत घेतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या ज्या भाषांत ही आगमनकथा रचली गेली, त्यांच्या सर्वनामांत तो नाही. तेथील ‘आम्ही आलो’ या वाक्यात कोण मोजला आणि कोण वगळला, हे सर्वनामाआड झाकून राहते. मराठीत ते वाक्य लिहावयाचे तर निवड करावीच लागते. निवड करताना हेही ध्यानात ठेवावे की, करोना विषाणूच्या साथीत गंभीर आजाराचा धोका वाढवणारा एक जनुकखंड निअँडरथलांकडून आलेला आहे, असे झेबर्ग आणि पेबो यांनी २०२०मध्ये दाखवले. युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत तो आढळतो. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत. हा लेख वाचणाऱ्यांत त्याचे वाहक असतीलच. तेव्हा ‘आम्ही आलो आणि ते संपले’ हे वाक्य मराठीत निष्काळजीपणे अनुवादित करणाऱ्याने आधी स्वतःची नाडी पाहावी.

आता आपल्यातील उत्तर-संरचनावादी मित्रांकडे वळतो. ते म्हणतील : आम्ही हेच तर सांगत होतो, सारे ज्ञान कथन आहे, जनुकशास्त्रही त्याला अपवाद नाही. त्यांच्याशी माझा मतभेद मूलभूत आहे. बूल यांची कथा विरचनेने मोडली नाही. ती एका सांध्याच्या पुनर्तपासणीने मोडली. ‘मिसळण नाही’ ही कथा कोणा सिद्धांतकाराने नव्हे, तर क्रोएशियातील विंडिया गुहेच्या हाडांतून काढलेल्या डीएनएने मोडली. सर्वच कथन असेल, तर एक कथन दुसऱ्याहून खोटे ठरवण्याचा अधिकार आपण गमावतो. आणि मग वेल्स यांच्या राक्षसाविरुद्ध आपल्याजवळ नापसंतीखेरीज काही उरत नाही. समीक्षेचे काम पुरावा आणि कथानक यांच्यातील सांधा दाखवणे हे आहे, दोहोंना एकाच पोत्यात भरणे हे नव्हे.

उलट बाजूने एक रास्त आक्षेप माझ्यावरही घेता येईल. विजय नको, विलाप नको, म्हणून मी ‘मिसळणी’ची गोड कथा पुढे करतो आहे काय? सहजीवनाची ही कथा आपल्या काळाला रुचणारी आहे आणि म्हणूनच तिचाही संशय घ्यावयास हवा. दोन टक्के डीएनए त्या संबंधांत स्नेह होता की बळजबरी, देवाणघेवाण होती की अपहरण, हे सांगत नाही. ‘मिसळले’ या क्रियापदाच्या पोटात बरेच काही लपू शकते. या देशातील जातिव्यवस्थेच्या इतिहासात वावरणाऱ्याला ते वेगळे सांगावयास नको. म्हणून मिसळण सिद्ध आहे, एवढेच मी म्हणतो. तिचा भाव सिद्ध नाही. ‘आपण’ म्हणणे हे प्रेमाचे प्रशस्तिपत्र नव्हे. एकाच कुटुंबात अन्यायही नांदतो. परंतु कुटुंबातील अन्यायाचा हिशेब ‘ते’ म्हणून टाळता येत नाही, एवढा फरक त्या सर्वनामाने पडतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. शैलीविज्ञानाच्या अभ्यासक्रमात हॅलिडे यांचा निबंध अवश्य ठेवावा. मात्र लोकच्या अकर्मक वाक्यांचे कौतुक करून थांबू नये. ती वाक्ये कोणी, कोणत्या पुराव्यावर, कोणाला बहाल केली, हे विद्यार्थ्यांना विचारू द्यावे. शेजारी ब्रुनिकेलच्या वर्तुळांचे आणि रानिसच्या निर्वंश झालेल्या कुटुंबाचे वृत्तांत ठेवावेत. आगमनाची कोणतीही कथा समोर आली, मग ती कोणत्याही काळाची वा देशाची असो, तर निवेदक कोठे उभा आहे, ‘व’कार कोठून आला आणि सर्वनामात कोण वगळला गेला, हे तीन प्रश्न तिला विचारण्याची सवय लावावी. त्या विद्यार्थिनीने तिसरा प्रश्न माझ्या कितीतरी आधी विचारला होता. तिला द्यावयाचे उत्तर मी येथे नोंदवतो : होडीतले आपण, आणि मागे राहिला तोही आपणच.